घडाची पिशवी

नशिराबाद
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. सौ. मयुरीस शेवंताबाईचा आशीर्वाद. भूमिकाच्या गालाचा पापा. इकडे सगळं ठीक. तिकडे धुळ्याला पण ठीकच असणार, माहेरी कोणाला काय होतंय.

फोन तू उचलत नाहीस. हितेंद्रच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून बंद केलास. म्हणून लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे, अक्षरं बघून हसू नको. चिठ्ठी रतिलालभाऊंच्या हाती देते. ते धुळ्याच्या गाडीवर कंडक्टर आहेत, त्यांना उघडून वाचायला वेळ नाही. हितेंद्र मात्र वाचेल, म्हणून त्याच्याकडे दिली नाही.

थंडी लई आहे. केळी निसवली, घड चांगले बाहेर आले. तुझे सासरे अन् गडी रोज फवारणी करून घडांना पिशव्या घालू राहिले. म्हैस आटली. भूमिकाची झोळी अजून आढ्यालाच आहे, मी काढली नाही.

आता मुद्द्याचं. हितेंद्र सांगत होता, तुझा कातडीचा डॉक्टर विचारतो की डोक्याला नेमकं काय लावलं ते सांगा, त्याशिवाय पुढचं औषध देत नाही. लावलं काय? तेल. पाचोऱ्याच्या बाजारात लताबाई विकते ते, माका-जास्वंदाचं. दुसरं काही नाही. तेच सांग डॉक्टरला. तेलाने एवढे फोड येतात का म्हणाला, तर म्हणावं एखादीला येतात.

अन् माझ्यावर राग कशाचा? बाळंतपणानंतर तुझे केस गळाले, ते मी काय उपटले? कांद्याचा रस कोणी काढला? डोळे माझे गेले. मेथी वाटली. ज्या घरात कधी अंडं आलं नाही तिथं अंडं आणून फोडलं. जळगावच्या डॉक्टरने रक्त तपासून थायरॉईड सांगितलं, उपाशीपोटी रोज एक गोळी. दीड महिना खाल्लीस. काय उगवलं? म्हणून मी बंद करायला लावली. हितेंद्रच्या चुलतभावाचं लग्न तोंडावर, सगळा गोतावळा मुक्ताईनगरला जमणार, अन् इथे नळावर भिकुबाई चार बायांत मला म्हणते, "शेवंता, तुझ्या सुनेच्या डोक्यातला रस्ता आपल्या हायवेसारखा चौपदरी झाला व!" ऐकून घ्यायचं मी.

रागाने गेलीस, ठीक. पण पंधरा दिवस पुरे झाले. लेकरू घेऊन ये.

तुझी सासूबाई
सौ. शेवंताबाई जीवराम

ता. क. त्या पिशवीचं कोणाला सांगत बसू नको. डोकं गरम राहावं म्हणून घातली होती.


नशिराबाद
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

मयुरीस आशीर्वाद. भूमिकाला दात आला असं हितेंद्र म्हणाला. बरं झालं.

मागच्या चिठ्ठीनंतर ही तिसऱ्यांदा लिहिते. मधल्या दोन तुला न पाठवता चुलीत घातल्या.

मंगळवारी लताबाई आपल्या दारात आली. तुझी आई पाचोऱ्याच्या बाजारात गेली होती, हे मला तिच्याकडून कळलं. दिपमालाबाईंनी तिच्या पाटीपुढे उभं राहून बाजार गोळा केला म्हणे. "हाई तेल नही, जहर शे!" त्यानंतर दोन बायांनी घेतलेल्या बाटल्या परत आणून ठेवल्या. तुझ्या आईला मी नावं ठेवत नाही. माझ्या लेकीचं डोकं तसं झालं असतं तर मी पाटीच उलटी केली असती.

लताबाई भांडायला आली असं मला वाटलं, म्हणून मी पदर खोचून ओट्यावर आले. ती भांडली नाही. तिने अंबाडा सोडला. पांढरे केस, पण कमरेखाली. बाटली उघडली, ओंजळभर तेल घेतलं अन् माझ्यासमोर डोक्यावर घातलं. म्हणाली, "शेवंताबाई, वीस वर्षं हेच लावते. माझी लेक हेच लावते. तुम्ही यात काय मिसळलं ते तेवढं सांगा."

भिकुबाई बादली घेऊन उभी. आणखी दोघी-तिघी उभ्या. मी म्हटलं, "मी काय मिसळणार? जा व बाई, कामाची वेळ आहे."

तिने बाटली ओट्यावर ठेवली. "देव तुमच्या सुनेला बरं करो," म्हणाली अन् गेली. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

तुझे सासरे खाटेवर बसले होते. ते कधी बोलतात का माझ्या मध्ये? सगळ्या बाया गेल्यावर हळूच म्हणाले, "त्या दिवशी पंपात औषध उरलं होतं. दुपारी बघतो तर पंप धुतलेला. तू कधीपासून पंप धुवायला लागली?"

तर ऐक आता. लांबवत नाही.

ते नुसतं तेल नव्हतं. पाठीवरच्या पंपात उरलेलं घडाचं औषध मी पेलाभर काढलं. केळ्याची लांबी वाढवायचं असतं ते. त्यात खताची पुडी होती, पानाला चिकटून राहायचं औषध पण होतं. तुला वास येऊ नये म्हणून लताबाईच्या तेलात घातलं. मिसळेना, तरी घोट घोट घोटलं. बोटाएवढं केळं वीतभर होतं, तर केस का नाही वाढणार, एवढी माझी अक्कल. मग घडाला फवारल्यावर जी पिशवी घालतो तीच तुझ्या डोक्याला घातली अन् सुतळीने बांधली. जसं बागेत करतो तसं, एक पायरी सुद्धा सोडली नाही.

तू म्हणालीस, "आई, आग होते." मी म्हटलं, आग होते म्हणजे लागू पडू राहिलं. परत म्हणालीस अन् उठायला लागलीस, तेव्हा मी तुझा हात धरून तुला खाली बसवलं. पिशवी काढली तेव्हा केस पिशवीत राहिले. सगळे म्हणतात सुनेला तेल सोसलं नाही. तो धरलेला हात तुला अन् मलाच माहीत आहे. तू आजपर्यंत कोणाला सांगितला नाहीस. का नाही सांगितलास, ते मला कळत नाही अन् त्याचाच त्रास होतो.

आता दुसरं. हे पण लिहूनच टाकते, समोर जमायचं नाही.

माझ्या डोक्यावर केस नाहीत. कडेने आहेत थोडे, मधोमध तळहाताएवढी जागा चकचकीत. हितेंद्र झाला तेव्हापासून. तू जो अंबाडा बघतेस ते गंगावन आहे. आता एकट्या तुझ्या सासऱ्यांना माहीत आहे, दुसऱ्या कोणाला नाही. हितेंद्रला सुद्धा नाही. म्हणून मी न्हाणीची कडी लावून तासभर बसते अन् तुम्ही बाहेरून ओरडता.

माझ्या सासूने मला कधी हळदीला पुढे होऊ दिलं नाही. म्हणायची, टकलीचा हात नवरीला नको. ती मेली तरी माझी सवय गेली नाही. तुमच्या हळदीला मी मागे धान्याच्या कोठीपाशी उभी होते. तुला वाटलं असेल सासू तोऱ्याची आहे. मग तुझा भांग रुंद व्हायला लागला अन् मला रोज तीच कोठी दिसायची, तिच्यापाशी तू उभी. ती घाई तुझ्या डोक्यासाठी नव्हती पोरी. माझ्यासाठी होती.

केळीला मी वर्षभर थांबते. घड का येत नाही म्हणून कोणी खोड चिरून बघत नाही. तुझ्या गोळीला दीड महिना थांबले नाही.

रडगाणं संपलं. कामाचं लिहिते.

चिठ्ठीला घडाच्या औषधाच्या बाटलीवरचा कागद टाचला आहे, अन् खताच्या पुडीचा पण. चिकटवायच्या औषधाचं नाव तुझ्या सासऱ्यांनी कागदाच्या मागे लिहून दिलं. मी यायची वाट बघू नको, मिळाल्या दिवशी डॉक्टरला दाखव. बंद केलेल्या गोळीचं पण सांग अन् तो म्हणेल तशी सुरू कर. कोणी म्हटलं गोळ्या उष्ण पडतात, तर त्या कोणीला माझ्याकडे पाठव.

बाजाराच्या दिवशी मी पाचोऱ्याला जाऊन आले. लताबाईच्या पाटीपुढे उभी राहून मोठ्याने सांगितलं की तेलात खोट नव्हती, मी केळीचं औषध घातलं. लोक जमले. एकजण हसला, "काकू, घड किती किलोचा आला?" हसू दे. लताबाई हसली नाही. म्हणाली, "आता विहीणबाईंना पण तुम्हीच सांगा." सांगते. दिपमालाबाईंनी पायातलं काढलं तरी उभी राहीन.

येत्या गुरुवारी रतिलालभाऊंच्या सकाळच्या गाडीने निघते. घरी चल असं म्हणणार नाही. डोकं बरं झालं की तुझं तू ठरव. हितेंद्रला म्हटलं आहे, "तोवर तू धुळ्याला जा, ती येत नाही म्हणून तोंड पाडून इथे बसू नको."

मला तुझ्या घरात घेतलं नाही तरी चालेल, दवाखान्याच्या बाकावर बसते. डॉक्टरला काय केलं ते माझ्या तोंडाने सांगेन. मग पदर खाली घेऊन माझं डोकं पण दाखवेन. सत्तावीस वर्षांनी काही उगवेल असं नाही. पण थायरॉईड का काय ते मला पण आहे का, एकदा रक्त देऊन बघते. गंगावन इथेच खुंटीला ठेवून येते.

गुरुवारचे दोन नंबर लावून ठेव. एक तुझा, एक माझा. माझा नंबर तुझ्यानंतरचा घे.

शेवंता