स्मारकातल्या रांगेत पहिली कोण

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुझी नवी कवळी आता टोचत नाही ना? (टोचत असेल तर त्या दाताच्या डॉक्टरला चार शब्द सुनाव, तुला ते छान जमतं.)

पत्राला उशीर झाला, कारण दोन महिने माझा जीव टांगणीला लागला होता. बायकांना मताचा हक्क मिळवून देणाऱ्या चळवळीचं स्मारक मला करायचंय, हे तुला ठाऊकच आहे. मी मतदानाच्या रांगेत उभ्या सात बायका घडवल्या, पुढे मतपेटी. साधी, सरळ कल्पना. पण स्मारकाच्या समितीतही सभासद सात आणि प्रत्येकाची आजी त्या चळवळीत! (त्या काळी घरी कोण राहिलं होतं, देव जाणे.) पहिली आपलीच आजी हवी म्हणून सगळे हटून बसले. अध्यक्षांनी मतदान घेतलं. सातही आज्यांना एकेक मत पडलं.

मग मी डोकं चालवून रांग गोल केली, मतपेटी मधोमध. पहिली कोणी नाही, शेवटची कोणी नाही. समिती खूश, चहा झाला. तेवढ्यात कप उचलायला आलेल्या सफाईच्या मावशी मातीच्या नमुन्याकडे बघून म्हणाल्या, "छान आहे, पण ह्यातली एकही पेटीपर्यंत पोचायची नाही की हो!" झालं! आठ दिवसांत नवा नमुना, नाहीतर काम दुसऱ्याला, असं अध्यक्षांनी बजावलं. ब्राँझचे पुतळे ओतून देणारा ओतारी रोज फोन करायचा, "बाई, भट्टी कधी पेटवू?" मला जेवण जाईना.

शेवटी रांग पुन्हा सरळ केली आणि सगळ्यांच्या पुढे आठवी बाई उभी केली, कोणाचीच आजी नसलेली. सातही हात एकदम वर! आत्या, जिना उतरताना मला रडूच आलं, इतकं हलकं वाटलं. काल ओतकामही पार पडलं. अनावरण पुढच्या महिन्यात आहे, तू यायलाच हवंस.

तुझी लाडकी (अजूनही असेन, अशी आशा आहे),
भाची

ता. क. त्या आठव्या बाईचा चेहरा तुझा आहे. न विचारता घेतला, चुकलंच. आठ दिवसांत दुसरा कुठला जमणार होता? नाक थोडं लहान केलंय.

पुन्हा ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच. अनावरणाला वार्ताहर येणार आणि तुला काय विचारणार, हे उघड आहे. जन्मात तू एकदाही मत द्यायला गेली नाहीस, हे अजून घराबाहेर कोणाला माहीत नाही. येत्या रविवारी मतदान आहे. ब्राँझमध्ये सगळ्यांच्या पुढे उभी आहेस, प्रत्यक्षात निदान सगळ्यांच्या मागे तरी जाऊन उभी राहा. तुझ्या पाया पडते.