गाडी तापवून ठेवली आहे

९ जुलै, सकाळ
ऐन हिवाळा, आजही वारा नाही. डोंगरांनी सान्तियागोवर कढई उपडी घातलीय आणि आत आपण शिजतोय. टीव्हीवरची बाई हसत हसत सांगते, थंड हवा खाली बसलीय, वर गरम हवेचं झाकण, गाड्यांचा धूर मध्ये कोंडलाय. हसते काय! इथे घरमालकीण ओर्मेसिंदामावशी रात्रभर खोकली. स्वतःच्या ताटातलं मला वाढणारी बाई. ठरलं! तिला माझ्या व्हॅनमधून वाल्पाराइसोला न्यायचं, समुद्राच्या हवेत. धुरामुळे जुन्या गाड्यांवर सध्या बंदी. बंदी उठली की त्याच मिनिटाला निघायचं. म्हणून आजपासून रोज पहाटे अंगणात इंजिन तापवून ठेवणार. म्हातारं डिझेल, थंडीत रुसतं.

१० जुलै
छान तापवलं. मावशी जास्तच खोकली. हे हमरस्त्यावरच्या बसवाल्यांचं पाप! तिला ओरडून सांगितलं, खिडकी उघडा, हवा खेळू द्या. तिची भाची यानेट (दवाखान्यात नर्स, जीभ सुईसारखी) म्हणाली, आधी तुझा तो बंब विझव, शहाण्या. बंब म्हणे! शिकून माणसं बिघडतात. मी शाळा सोडली तेच बरं.

११ जुलै
बसवाल्यांची तक्रार करायला नगरपालिकेत निघालो. चौकात एक म्हातारा बुद्धिबळ मांडून बसलेला. हरलो. परत हरलो. त्याने मला 'राजे' म्हणून चिडवलं, मग उठवेना. पोचलो तर कचेरी बंद. असल्या आळशी लोकांमुळे शहर मरतंय.

१२ जुलै
व्हॅनची बॅटरी चोरीला!! संशय यानेटवर. मी शिव्या देत होतो आणि ती शीळ घालत भांडी घासत होती.

१४ जुलै
बॅटरी नाही, इंजिन गार. वारा नाही, पान हलत नाही. पण मावशी शांत झोपली. अंगणात येऊन पाव खाल्ला, म्हणाली, पोरा, आज छाती मोकळी वाटतेय बघ. मी केलेल्या बोल्दोच्या पानांच्या काढ्याचा गुण. यानेटला हे सांगितलं तर ती कपाळावर हात मारून आत गेली. जळते.

१५ जुलै
रात्री पाऊस येणार, रेडिओ म्हणतो. उद्या बंदी उठणार! बॅटरी यानेटच्या कपड्यांच्या टोपलीखाली सापडली. चोर ती चोर! लांबचा प्रवास, म्हणून आज तासभर तापवलं. मावशी खिडकीत येऊन जोरजोरात दोन्ही हात हलवत होती. केवढी उत्सुक! मीही हलवले.

१६ जुलै, दुपार
पाऊस पडून गेला. वारा सुटला. बर्फासकट सगळे डोंगर दिसतायत, लोक गच्चीवर चढलेत. बंदी उठली. मावशीच्या खोलीला कुलूप.
शेजारचा बाल्दोमेरो म्हणाला, त्या दोघी पहाटेच वाल्पाराइसोला गेल्या. बसने! मी म्हटलं, मला का नाही उठवलं? तो म्हणाला, अरे, तुला उठवलं असतं तर तू इंजिन सुरू केलं असतंस. मावशीचा निरोप आहे, आता खुशाल तापव.
संतापाने किल्ली फिरवली. घुर्र. थोड्या वेळाने मलाच खोकला आला. बसवाल्यांना शिव्या घालायला फाटकाबाहेर गेलो. रस्ता रिकामा, आभाळ लख्ख. मागे वळलो तर फक्त आमचं अंगण काळं.
इंजिन बंद केलं.
मावशीने माझ्यापुरता मसूर शिजवून ठेवला होता. थंडच खाल्ला.