सदऱ्याला फुटलेल्या मिशा

ती. पद्मजावन्संस,

गोठा झाडला, न्हाणीत पाणी तापत ठेवलं, भाकऱ्या थापल्या आणि श्रावणातली उघाड बघून ह्यांचा निळ्या चौकड्यांचा सदरा धुवून मागीलदारी दोरीवर टाकला. परवा सकाळी एवढंच केलं हो मी. (नमस्कार आधी लिहायचा असतो, तो इथे घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का?)

शेजारची हौसा कुंपणाशी आली. "काय गो दर्शना, घरात पावणे आलेत काय?" खरं सांगते वन्सं, क्षणभर मीच मागे वळून घरात बघितलं. मग म्हटलं, ह्यांचा सदरा आहे, पेटीत बुरशी धरत होता. "मेलेल्या माणसाचा सदरा कोण धुतं गो?" म्हणाली आणि गेली.

तिचा मुलगा रितेश दुपारपाळीला कंपनीच्या बसने तुमच्या लोट्याला जातो. त्याच बसने माझी बातमीही गेली, आणि तिला बसायला जागाही मिळाली असणार. सावर्ड्यात सदऱ्यात माणूस शिरला, चिपळुणात त्याला मिशा फुटल्या, आणि परशुरामचा घाट चढेपर्यंत दाभोळला त्याची मच्छीची होडीसुद्धा झाली. (मिशा मला आवडत नाहीत, हे तरी कोणी विचारायचं.) संध्याकाळी तुमचा फोन. "यंदा गणपतीला मी येत नाही. नव्या माणसांत आमचं काय काम?" माझं ऐकायच्या आत ठेवलात. त्यानंतर तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र.

रद्दीतून घेतलेला माझा शब्दकोश काढला (पुढची पानं गळलेली आहेत, त्यामुळे 'अ'मधलं मला फारसं काही कळत नाही). कंडी पिकवणे म्हणजे खोटी बातमी उठवणे, असं त्यात आहे. वाक्यात उपयोग दिलेला नाही, तो हौसाने केला. आपलं भात पिकायला चार महिने जातात, ही दुपारच्या जेवणाआधी तयार. वाचून हसू आलं, मग कोश मिटून ठेवला. ते गेले ते मी सोसलं. घरात माणूस नाही, याची सवय करते आहे, आणि गाव म्हणतं, आहे. कोणाकोणाला जाऊन सांगू, की नाही हो, कोणीच नाही?

तुम्हाला मात्र सांगते. बाराव्यानंतर कपडे वाटले तेव्हा, हा एक राहू दे गो वहिनी, असं तुम्हीच म्हणालात. राखीला लोट्याच्या बाजारातून तुम्हीच घेतलेला तो. त्या मिशावाल्याचा सदरा ओळखायला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे मला?

तुमची,
दर्शनावहिनी

ता. क. पाट मांडून ठेवलाय. मोदकांना तुमच्यासारख्या कळ्या मला पडत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. रागातच या, पण या.

ता. क. सदऱ्याचं वरचं बटण धुताना गेलं. पांढरं, चार भोकांचं. तिकडे मिळालं तर घेऊन या, मी लावणार नाही, तुम्हीच लावा.

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज पुन्हा उघाड होती. सदरा परत धुतला आणि पुढच्या अंगणात, कंपनीची बस जाते त्या बाजूला, वाळत घातला.