बगळ्यांवरचं जाळं

१२ फेब्रुवारी

जाळं लागलं! या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळ्या तळ्यावर निळी नायलॉनची जाळी. धाकटा भाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता या म्हणावं बगळ्यांनो, ताटं मांडलीत!" एक बगळा काठावर उभा होता. कुलूप लावलेल्या घरापुढे पाहुणा उभा राहावा तसा. मला हसू आलं, पण बरं नाही वाटलं.

पण तळ्याच्या कामात मी पडायचं नाही. धाकट्याचा कारखाना बंद पडला आणि तो बायकोसह घरी आला, तेव्हाच ठरलंय — तळं त्याचं, पिठाची गिरणी माझी. "लहानपणापासून माझ्या पाटीवर तूच लिहीत आलास, दादा. हे एक तरी मला लिहू दे." देवासमोर शब्द दिलाय मी.

मासे चांगले निघाले तर तो इथेच राहील. नाही निघाले, तर भावजयीच्या भावाने तिकडे लांब नोकरी बघून ठेवलीय. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

२० फेब्रुवारी

काठाशी बारीक रानमासळी नुसती वळवळतेय. न सोडता आपोआप आलेली. धाकटा खूश. "बघ, तळ्यात जीव आला!" मीही खूश झालो. खोटं कशाला लिहू.

३ मार्च

पाणी फार हिरवं झालंय. भिंतीला द्यायचा रंग कालवल्यासारखं. धाकटा म्हणतो, हिरवं म्हणजे चारा. मग सोडलेले मासे असे का? एक धरून बघितला. डोकं मोठं, अंग वाळलेलं. आजारी माणसाच्या खांद्यावर सदरा लोंबतो तसं.

हिच्याशी बोललो. ही म्हणाली, "त्यांना बगळ्यांचं वेड, तुम्हाला भावाचं. मासे बिचारे मधल्यामध्ये!"

९ मार्च

मत्स्य खात्यातल्या बाई आल्या. मीच बोलावलं होतं, धाकट्याला न विचारता. त्याचं तोंड तेव्हाच उतरलं.

बाईंनी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उन्हात धरलं. "यात उड्या मारणारे ठिपके दिसायला हवेत. पाण्यातले पिसू. एकही नाही." मग बांधावर बसून सांगितलं. तळ्यात जेवण येतं ते उन्हातून. ऊन या हिरव्यात उतरतं, हिरवं पिसू खातात, पिसूंना मासे खातात, माशांना बगळा. पण जो तो खाल्लेल्यातलं बहुतेक स्वतःच्या जगण्यातच जाळतो — पोहण्यात, श्वासात. पुढच्याच्या तोंडी दहातला एखादा घास जातो. म्हणून वरच्या पंगतीला जेवणारे नेहमी थोडेच.

मी थक्क! गिरणीत दाण्याचं पीठ होताना चिमूटभर उडतं, तरी लोक भांडतात. इथे दहा पोत्यांतली नऊ उडतात आणि तरी देवाचा संसार चालतोय.

"बगळा मुख्यतः काठची रानमासळी टिपायचा," बाई म्हणाल्या. "तो थांबला, ती वाढली, तिने पिसू फस्त केले. तुमच्या माशांना घास उरला नाही. आणि हिरवं खाणारं कुणी नाही, म्हणून ते माजलं. हे हिरवं उन्हात पाण्यात हवा सोडतं, रात्री तीच ओढून घेतं. ढगाळ दिवस आले तर पहाटे पाण्यातली हवा संपेल. जाळं काढा."

त्या गेल्यावर धाकटा म्हणाला, "बगळ्यांची वकीलच आणलीस की! उद्या चोराला किल्ली द्यायला सांगशील." भावजय मान खाली घालून ऐकत होती.

१५ मार्च

ढग.

१६ मार्च

पहाटे मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. सगळं तळं तोंडंच तोंडं. धाकट्याने पंप लावला, मी आणि भावजय बादल्यांनी पाणी उडवत राहिलो. तरी मेले. पांढरी पोटं. "ढगांमुळे झालं," एवढंच तो म्हणाला. जाळ्याचं नाव नाही.

प्रार्थनेला बसलो तर शब्द सुचेनात. देवासमोर दिलेला शब्द मोडायला देवाचीच परवानगी कशी मागायची?

१७ मार्च

शब्द मोडायचा ठरवून उजाडता उजाडता विळा घेऊन गेलो. जाळं आधीच कापलेलं! लांबच्या बांधापर्यंत उभं चिरून पाण्यात पडलेलं.

परत आलो तर भावजय ओट्याशी. बोटाला चिंधी. मी विचारलं नाही. बिचारी! नवऱ्याला कळलं तर?

दुपारी जेवताना आईने विषय काढला. "जाळं कुणी कापलं रे?" धाकट्याने घास खाली ठेवला, मान वर केली. भावजय पाणी वाढता वाढता थांबली. मी म्हटलं, "मी."

आई म्हणाली, "शब्द दिला होतास ना त्याला? पन्नाशीला आलास, तरी त्याच्या ताटातून तुझा हात निघत नाही!" धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मग ताटावरून उठला.

१९ मार्च

बगळे आले. सात-आठ असतील, काठाने पाय मोजत फिरतायत. मासे निम्मे तरी वाचतील असं वाटतं. धाकट्याला सांगायला गेलो तर तो ट्रंक भरत होता. मेहुण्याला कळवून झालंय. म्हटलं, "अरे, तळं सावरतंय!" म्हणाला, "सावरू दे."

आई माझ्याशी बोलत नाही.

२२ मार्च

स्टँडवर सोडायला गेलो. भावजय आत जाऊन बसली. तिचं बोट विळीवर भाजी चिरताना कापलं होतं, सहज बोलता बोलता कळलं. गाडी सुरू झाली तेव्हा धाकटा खिडकीशी वाकून म्हणाला, "जाळं मी कापलं, दादा. त्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर सांगणार होतो. त्याआधी तूच बोललास."