पडद्याच्या मागून पाहिलेल्या पिक्चरबाबत

मी, श्रीमती हरणाबाई ज्योतिबा गोरड, वय वर्षे ७५, धंदा लेथ मशीनचे वर्कशॉप, राहणार कुपवाड, तालुका मिरज, जिल्हा सांगली, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉ. उदयसिंह यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला आजची तारीख विचारली. मी ती सांगितली आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर अजून मागच्याच महिन्यावर आहे हेही सांगितले. त्यानंतर त्यांनी काही विचारले नाही.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस कुपवाडमध्ये तरी राहत नाही. वकील प्रांजल यांनी यात कायद्याची वाक्ये घातली आहेत व माझी काही वाक्ये गाळावीत असे सुचवले होते. कायद्याची वाक्ये मी ठेवली आहेत. माझीही ठेवली आहेत.

कलम १. कुपवाड येथील राहते घर, खाली दोन खोल्या व वर एक, ही माझी व माझे कैलासवासी पती ज्योतिबा यांची स्वकष्टार्जित मिळकत असून त्यांच्या पश्चात ती माझ्या एकटीच्या नावे आहे. खालच्या दोन खोल्या मुलगी राणी हिला आणि वरची खोली मुलगा जयराज याला द्यावी. जयराजला एकच खोली का, असे कोणी विचारल्यास उत्तर असे की, तो पुण्यात राहतो आणि इथे आला की पलंगावर आडवा होऊन मोबाइलवर पिक्चर बघतो. तेसुद्धा मधले मधले पुढे ढकलून. एवढ्याला एक खोली पुष्कळ झाली.

कलम २. वर्कशॉपमधील मोठे लेथ मशीन, लहान लेथ, ड्रिल व सर्व हत्यारे भाऊसो यांना द्यावीत. भाऊसो आमच्याकडे बत्तीस वर्षे कामाला आहेत. पती वारल्यावर बाईमाणूस लेथ कशी चालवणार म्हणून चार गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, तेव्हा ते गेले नाहीत. त्यांना बोलता कमी येते, हाही त्यांचा गुणच समजावा.

कलम ३. आता ज्या गोष्टीची कोणत्याही कार्यालयात नोंद नाही, ती मी येथे नोंदवत आहे.

आमचे माहेर आटपाडी तालुक्यातले, सरगरवाडी. घरची मेंढरे. सन १९५६ मध्ये मी सहा वर्षांची व माझा भाऊ गुंडा नऊ वर्षांचा असताना यात्रेत तंबूचा सिनेमा आला. आमच्या वाडीत तोवर कोणी सिनेमा पाहिलेला नव्हता, आणि तिकिटाचे पैसे त्या वर्षीही आमच्याशिवाय वाडीत कोणाकडे नव्हते. वडील, बिरा सरगर, यांनी ठरवले की गुंडाला न्यायचे आणि मी मेंढरांपाशी थांबायचे. मी रडले नाही. रडून वडिलांनी ऐकल्याचा एकही दाखला आमच्या घरात नव्हता.

पण सुलाबाई आत्याने दिवस मावळताना मेंढरांपाशी शेजारच्या म्हातारीला बसवले आणि मला पदराआड घालून तंबूत नेले. वर बजावले, की हे कोणाला बोलायचे नाही, बिराला कळले तर तो आपल्या दोघींचीही लोकर कातरेल.

त्या तंबूत पडदा मधोमध टांगलेला होता. पुरुष पुढच्या बाजूला मशीनकडे, आणि बायका पडद्याच्या मागे. कापड पातळ असल्याने चित्र मागेही दिसायचे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला वाटले, सिनेमा असाच असतो. खाली वाळू, पुढ्यात बायकांच्या अंबाड्यांची रांग आणि त्यांच्यावर माणसाच्या तिप्पट मोठी माणसे. पिक्चर तलवारीचा होता. एका राणीला किल्ल्यात कोंडलेले असते आणि एक सरदार तिला सोडवायला निघतो. तो सरदार डावरा होता. डाव्या हाताने तलवार चालवायचा, डाव्या हाताने जेवायचा, हे बघून आत्या हळहळली, की एवढा देखणा गडी आणि आईने वळण लावले नाही. मग घोडे आले. बायका किंचाळल्या. मी किंचाळले नाही. मला एवढेच कळत होते, की डोळे मिटले तर तेवढे बघायचे राहून जाईल.

दुसऱ्या दिवशी माळावर गुंडा माझ्याजवळ आला. आत्याने मला नेले होते, हे त्याने म्हातारीकडून काढून घेतले होते. मला म्हणाला, तू लहान हायस, तुला काय कळलं असंल, सांग बघू सगळं, म्या तपासतो. मी परीक्षेला बसल्यासारखी सांगत गेले. तो मान हलवायचा, बरोबर म्हणायचा, मधेच पुढे काय ते विचारायचा. एवढी शाबासकी मला त्याच्याकडून आधी मिळाली नव्हती, नंतरही नाही. राणीच्या किल्ल्याला सरदाराने दोर लावला तिथवर सांगितले आणि मेंढरे कोणाच्या तरी ज्वारीत शिरली. आम्ही धावलो. गोष्ट तिथेच राहिली.

त्या दिवसापासून गुंडा वाडीतला सिनेमा पाहिलेला माणूस झाला. लग्नात, बारशात, देवळाच्या पारावर, रजेवर आलेल्या फौजी पोरांपुढे, जिथे चार डोकी जमतील तिथे तो तलवारीचा पिक्चर सांगायचा. सांगायचा चांगला, हे मान्य केले पाहिजे. डाव्या हातात काठी घेऊन सरदार करून दाखवायचा. लोक त्याला डावरा सरदार म्हणू लागले आणि पुढे त्याच नावावर तो दोनदा सरपंच झाला. मी कधी मधे बोलले तर म्हणायचा, "हरणी कुठं हुती? ती मेंढरापाशी हुती." आत्याला शब्द दिलेला, त्यामुळे मी गप्प. आत्या वारली तरी गप्प. अठ्ठावीस वर्षे मी माझाच पिक्चर दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि बसल्या जागी सुपारी कातरली.

कलम ४. सन १९८४ मध्ये आमच्या वर्कशॉपमध्ये अमृत नावाचे एक म्हातारे गृहस्थ आले. तंबूच्या सिनेमात मशीन चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. फिल्म ओढणाऱ्या दातेरी चकतीचे दात झिजले होते, ती चकती नवी करून हवी होती. पती काम करत होते तोवर मी चहा दिला आणि माझ्या पहिल्या सिनेमाचे सांगितले. डावरा सरदार म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, "बाई, तुमी पडद्यामागं बसला हुता. मागनं समदं उलटं दिसतंय. पुढं बसलेल्याला त्यो उजवाच दिसला आसणार."

मी कप खाली ठेवला. गुंडा पुढे बसला होता, पुरुषांत, वडिलांच्या मांडीवर. तसे तोच सांगायचा. मग त्याचा सरदार अठ्ठावीस वर्षे डावरा कसा?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने मी दिवेलागणीला सरगरवाडीत पोचले. जाऊ नको असे पती म्हणाले नाहीत. म्हणून उपयोग नाही हे त्यांना माहीत होते. पारावर गुंडा बसलेला, दहा-वीस माणसे, बाजूला आमचे वडील घोंगडे पांघरून. मी सगळ्यांसमक्ष विचारले की तू सिनेमा कुठे बसून पाहिलास. तो म्हणाला पुढे. मग मी अमृत यांनी सांगितलेले सांगितले. एकाने देवळातून धोतर आणून दोन माणसांत ताणून धरले, मागे एकाला उजव्या हातात काठी देऊन उभे केले, त्याच्यावर बत्तीचा उजेड पाडला आणि सगळ्यांनी पुढे-मागे जाऊन खात्री करून घेतली. आमच्या वाडीत एवढी चोख चौकशी जमिनीच्या मोजणीतही झालेली नाही.

गुंडा वहाणेचा अंगठा चाचपत बसला. बोलले ते वडील.

"घोडी अंगावर आली आसं वाटलं आन ह्यो कनातीखालनं पळाला. म्या हुडकत गेलो. बैलगाडीखाली घावला. तवर खेळ सपला. पोराची लाज नगं म्हनून म्या बोललो न्हाई."

म्हणजे त्यांनीही पिक्चर पाहिलेला नव्हता. त्यांनी मला जवळ बोलावले. मला वाटले, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची मेंढरे सोडून गेल्याचा हिशेब आता होणार. ते म्हणाले, "तू बघितलंस व्हय समदं? मंग बस, सांग."

मी पारावर बसून सांगितले. आमच्या वाडीत त्याआधी पारावर बाई बसलेली कोणाच्या आठवणीत नव्हती. वडील लहान मुलासारखे ऐकत होते, शेवटी त्यांनी डोळे पुसले. पण गुंडा मधेच उठून गेला. तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणे टाकले. सरपंचकीही पुढच्या निवडणुकीत गेली. ती माझ्यामुळे गेली असे तो म्हणतो. गावाच्या विहिरीचे काम बघता, तेवढे श्रेय मी घेऊ शकत नाही.

कलम ५. सन १९९१ मध्ये वडील वारले. गुंडाने मला निरोप तिसऱ्या दिवशी पोचेल असा पाठवला. मी गेले तेव्हा राख सावडून झाली होती. मृत्युपत्रात सर्वांना माफ केल्याचे लिहायची पद्धत आहे असे वकील प्रांजल म्हणाल्या. ही गोष्ट मी माफ केलेली नाही. तसे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी माझ्या नावाने उगीच चांगुलपणा करणार नाही.

कलम ६. मागील वर्षी दिवाळीनंतर गुंडाच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन सांगलीत ठरले. त्याच्या सुनेने, राजेश्वरीने, मला परस्पर फोन केला, की आत्या, त्यांना आठ दिवस ठेवून घ्याल का. मी हो म्हटले. का म्हटले याचा खुलासा करण्यास मी बांधील नाही.

चाळीस वर्षांनी भाऊ माझ्या घरात आला आणि डोळ्याला पट्टी बांधून खाटेवर बसला. तीन दिवस आम्ही चहा घेणार का आणि हो यापलीकडे बोललो नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत होते. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला,

"हरणे, दोर लावल्यावर फुडं काय झालं गं?"

मला आधी कळलेच नाही. मग कळले. ज्वारीत मेंढरे शिरली तिथून पुढचे त्याला ठाऊक नव्हते. एवढी वर्षे तो गावाला स्वतः रचलेला शेवट सांगत होता. कधी राणी सुटायची, कधी सरदार मरायचा, गर्दी बघून ठरवायचा. पारावर मी शेवटाला पोचायच्या आत तो उठून गेला होता. आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याला खरा शेवट हवा होता.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. ती मी त्या दुपारी त्याला दिली, आता कागदावर देते. शेवट मलाही माहीत नाही. सरदार दोरावर अर्ध्यात असताना मला आत्याच्या मांडीवर झोप लागली. वडिलांना पारावर जो शेवट सांगितला, जो ऐकून त्यांनी डोळे पुसले, तो मी विटा ते आटपाडी एसटीत रचला होता. सहा वर्षांची पोर होते, दिवसभर मेंढरांमागे फिरलेली. पण चौतिसाव्या वर्षी खोटे बोलले, तेव्हा झोप आलेली नव्हती.

गुंडाने डोळ्याच्या पट्टीवर हात ठेवला. मग हसायला लागला. डॉक्टरांनी हसू नका म्हणून सांगितले होते, खोकूही नका म्हणून सांगितले होते. त्याने दोन्ही केले. म्हणाला, "मंग आपन दोघंबी सारकंच की." मी त्याला सांगितले, की सारखे नाही. मी तीन हिस्से पिक्चर जागेपणी पाहिला आहे, तू घोड्यांपाशी संपलास. हे त्याने मान्य केले. एकमेकांचे काही मान्य करायची ही आमची पहिलीच वेळ.

पट्टी सुटल्यावर राणी आम्हा दोघांना सांगलीत सिनेमाला घेऊन गेली. तिथे आवाज इतका मोठा होता, की गुंडाने दोनदा माझे मनगट धरले. तो उठला नाही. मी लक्ष ठेवून होते.

कलम ७. माझे बंधू गुंडा बिरा सरगर यांना मी माझ्या स्थावर-जंगम मिळकतीपैकी काहीही दिलेले नाही. यात विसर नाही व चूकही नाही. ज्याला काही मिळते त्याने मृत्युपत्राला साक्षीदार राहू नये, असे वकील प्रांजल सांगतात. गुंडाने आयुष्यात एकदा तरी जे प्रत्यक्ष बघितले त्याचीच साक्ष द्यावी, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी त्याला वगळले आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची व्यवस्था मुलगी राणी हिने पाहावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, पुढे केल्यास हे रद्द समजावे. तेराव्याला माझ्याबद्दल भाषण करू नये. जयराजने तर नाहीच, तो मधले मधले पुढे ढकलेल.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर खाली सही केली.

ठिकाण: कुपवाड
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) हरणाबाई ज्योतिबा गोरड

साक्षीदार:

१. (सही) डॉ. उदयसिंह, कुपवाड. मृत्युपत्र करणार शुद्धीवर आहेत. कॅलेंडरचे पान उलटले आहे.

२. (सही) गुंडा बिरा सरगर, वय ७८, राहणार सरगरवाडी, तालुका आटपाडी. हरणीनं सही केली. म्या हितंच बसून, माझ्या डोळ्यानं, पयल्यापास्नं शेवटपातूर बघितलं.