पुजलेला उंबरठा

साक्री, मंगळवार

ती. आबांना,

सिमेंटने बरबटलेल्या हातांनी हेमांगीचा नमस्कार. तब्येत कशी आहे? आजी गोळ्या वेळेवर देते ना? माझी विचारू नका. बांधकामात माणूस वेडा होतो, आर्किटेक्ट होऊ नकोस, असं तुम्ही सांगत होतात. नातीने ऐकलं नाही, आता भोगते आहे.

विशेष गरजा असलेल्या मुलांची ही शाळा. नकाशात मी एकाही दाराला उंबरठा दिला नाही, कारण चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या पोराला चार बोटांचा उंबरठासुद्धा सप्तशृंगीचा गड. तुमचा चेला गिरधर मिस्त्री बाकी सगळं ऐकतो, उतार मापात करतो, नळ खाली बसवतो. दार आलं की त्याच्या अंगात येतं, उंबरठा हवाच. "आबास्नी माले शिकाडेल शे, उंबराबिगर दार ऱ्हास नही." सातही दारांना त्याने उंबरठे घातले. मी फोडायला लावले. मग दोन दिवस जळगावला फरश्या बघायला गेले (मागितल्या खरखरीत, दाखवल्या आरशासारख्या, पण ते रडगाणं राहू द्या), तेवढ्यात पठ्ठ्याने पुन्हा घातले आणि शाळासमितीच्या बायकांना बोलावून हळदकुंकू वाहून पूजाही उरकली! आता पुजलेल्या उंबरठ्यावर घण घालायला एकही मजूर तयार नाही. एकाचा हात दुखतो, एकाची सासू अचानक आजारी. शेवटी मी स्वतः घण उचलला आणि (सांगायला लाज वाटते) तो तसाच खाली ठेवला.

काल अफरीन आली, नऊ वर्षांची, आमची पहिली विद्यार्थिनी. उतार एकटीने चढली, काय खूश झाली होती! वर्गाच्या दारात चाक अडलं. चौघे धावले, खुर्चीसकट उचलून तिला आत ठेवलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. गर्दी पांगल्यावर तिने मला हळूच विचारलं, "मॅडम, ये लोग रोज आयेंगे क्या?" आबा, मला तोंड लपवायला जागा उरली नाही. सोमवारी शाळा सुरू होते आहे.

बाकी सर्व ठीक (काहीही ठीक नाही).

तुमची,
हेमांगी

ता. क. गिरधर म्हणतो, आबांनी आधी स्वतःच्या घरचा उंबरठा काढावा, मग मी सातही काढतो. तेव्हा शनिवारी घण घेऊन मुक्ताईनगरला येते. नाही म्हणू नका.

आणखी एक. ही अट गिरधरची नाही, माझी आहे. (तो तुमच्या नुसत्या चिठ्ठीवरही फोडेल.) लकवा झाल्यापासून दीड वर्ष, खुर्ची उंबरठ्यावरून उचलणाऱ्यांना त्रास नको म्हणून, तुम्ही ओट्यावरसुद्धा आलेला नाहीत.