सीटमागची टाकी

लिहून ठेवणार मी, खाली अंगठा उठवणारी बाई, वय ऐंशीच्या पुढे (नक्की किती ते जिला ठाऊक होतं ती माझी आई गेली), धंदा घरकाम, राहणार याच घरात. माझी बुद्धी शाबूत आहे, कान दीड आहेत आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकणारे आमचे हे सहा वर्षांपूर्वी वारले. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आहे आणि कचेरीबाहेर बसणारी टायपिस्ट बाई लिहिते आहे. माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून लिहायचं नाही, असं तिला बजावलं आहे. ती माझी कोणी लागत नाही, म्हणूनच तिला बोलावलं. का, ते पुढे येईल.

कलम एक. राहते घर, त्यातले सर्व सामान आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या मुलीस द्यावे. तिने मला सांभाळले, आणि सांभाळताना दिवसातून चारदा ऐकवलेही. दोन्हीची फेड यात झाली असे समजावे. माळ्याखालचे कपाट ओढू नये, त्याचा एक पाय मोडका आहे. आमचे हे सुतार होते, तेव्हा ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये.

कलम दोन. यांच्या करवती, पटाशा आणि बाकी हत्यारे पलीकडच्या गल्लीतल्या सुतारास द्यावीत. मोठा रंधा द्यायची गरज नाही. तो त्याने बावीस वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेला आहे. आता तो त्याचाच झाला असे धरावे, म्हणजे बिचाऱ्याला आमच्या दारावरून पलीकडे बघत जावे लागणार नाही.

कलम तीन. भिंतीवरचे घड्याळ माझ्या नणंदेस द्यावे. ते वीस मिनिटे मागे चालते. दोघींचे जमेल.

कलम चार. यांच्या सुतारकामाच्या कारखान्यातली जुनी पिकअप, मूळची माझ्या सासऱ्यांची, गोल दिव्यांची आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा असलेली, माझ्या मुलास द्यावी. अट एकच. गाडी सुरू करण्याआधी तिची पेट्रोलची टाकी केबिनमधून काढून मागे हौद्याखाली न्यावी, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने न्यावी. दुसऱ्या कोणी पाना लावल्यास हे कलम रद्द.

कलम पाच. आता कारण. हे लांबेल. बाई, कागद पुरेल ना?

या पिकअपची टाकी आत, सीटच्या पाठीला टेकून उभी आहे. त्या काळी तशाच येत. कपाटं, टेबलं पोचवायला आम्ही दोघं याच गाडीतून जायचो. मी यांच्या शेजारी बसायची आणि टाकी माझ्या पाठीशी डचमळायची. मुलगा मोटार मेकॅनिक झाला. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो नवी टाकी घेऊन आला, सीट काढली आणि मला समजावत बसला. आधी पेट्रोल सगळं उपसायचं. जुनी टाकी बाहेर घ्यायची. नवी मागे, चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन दांड्यांच्या मधे लोखंडी पट्ट्यांनी टांगायची, पट्ट्यांखाली रबर घालायचं. मग नवी नळी, पेट्रोल किती ते दाखवणाऱ्या काट्याची वायर लांबवायची, आणि पेट्रोल ओतायला हौद्याच्या फळीत एक भोक. मला अक्षर येत नाही, म्हणून ऐकलेलं पुसलं जात नाही.

तेवढ्यात हे आले. त्यांच्या वडिलांची गाडी उघडी पडलेली बघून भडकले.

"ज्यांनी बनवली ते वेडे होते?"

"बाबा, टाकी पाझरते. आत पेट्रोलचा वास येतो. ताईचं बाळ याच सीटवर बसतं."

"मला नाही आला कधी वास."

"तुम्हाला व्हार्निशशिवाय कसला वास येतो?"

"मग आईला विचार तुझ्या. रोज शेजारी बसते ती."

मुलगा माझ्याकडे वळला. "सांग आई. येतो की नाही?"

कारखान्यात दोन कारागीर होते, एक गिऱ्हाईक होतं. यांचा चेहरा उतरला होता. त्याच आठवड्यात त्यांचं एक मोठं काम नापसंत होऊन परत आलं होतं. मला वाटलं, पोरगा तरुण आहे, पचवेल. मी म्हणाले, "मला बाई कसलाच वास येत नाही. तुझंच नाक जरा जास्त शिकलंय."

सगळे हसले. मला हसवता येतं, ही माझी जुनी खोड. तो हसला नाही. त्याने सीट परत बसवली, चारही बोल्ट नीट आवळले, हात पुसले. त्या सोमवारी परगावच्या गॅरेजात नोकरी धरली आणि पुन्हा या घरात राहायला आला नाही. बापाच्या आजारपणात आला तो पाहुण्यासारखा, बूट न काढता.

वास येत होता. पहिल्यापासून येत होता. माझ्या साडीला यायचा. त्यानंतर ताईचं बाळ मी एकदाही त्या गाडीत बसू दिलं नाही. कधी ऊन आहे म्हणाले, कधी सर्दी.

हे त्याला कळवायचं कसं? सुरुवातीला पत्रं जायची, ती मी सांगायची आणि हे लिहायचे. यांच्याच हाताने यांना खोटं कसं पाडू? पुढे मुलगी लिहायची, तिचंच ते बाळ. आता फोन आहे. विषय ओठांवर आला की मी "आवाज येत नाही रे" म्हणते. आवाज स्वच्छ येतो.

आणि हेही लिहा. मुलगा गेल्यावर दोन वर्षांनी एके सकाळी यांनी हौद्याच्या फळीत गोल भोक पाडलं आणि त्यावर झाकण बसवलं, लाकडाच्या रेघेला रेघ जुळवून. मी फळी धरून उभी होते. हे काय, असं मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. नवी टाकी त्यांनी ताडपत्रीखाली झाकून ठेवली, आणि पिकअप पुन्हा बाहेर काढली नाही. दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही दुसऱ्याने बोलायची वाट बघत राहिलो. ते वाट बघता बघता गेले.

कलम सहा. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मला ही रीत पसंत नाही. याची एक प्रत आजच मुलास टपालाने पाठवावी. तो आला, तर सीट काढताना दिवा मी धरीन. नाही आला, तर कलम चार आहेच.

अंगठा, डाव्या हाताचा.

साक्षीदार: समोरचा घड्याळजी (सही), दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही). टायपिस्ट बाईंनी सर्व मजकूर आमच्यासमोर वाचून दाखवला. आजींनी कलम पाच दोनदा वाचायला लावले. "वास येत होता" हे शब्द नेमके कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवायला सांगितले, आणि तिथेही अंगठा उठवला.

स्थळ: कारखाना, पिकअपच्या हौद्यावर कागद ठेवून.
दिनांक: या महिन्याची नऊ, शनिवार, दुपारी बारा.